जगावर राज्य करून सोमवारी सकाळी काय करणार? सुपरहिरोच्या गोष्टीतला व्हिलन लिहिण्याची रीत

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर आम्ही सात-आठ जण जमतो. कुणी शॉर्ट फिल्म लिहीत असतं, कुणी कॉमिक, कुणाच्या डोक्यात वेब सिरीज. गेल्या महिन्यात उचगावच्या एका पोरानं त्याची सुपरहिरोची पटकथा वाचून दाखवली. हिरो झकास जमला होता. व्हिलनचं नाव विनाशक.

"विनाशकला पाहिजे काय?" मी विचारलं.

"जगावर राज्य."

"मिळालं समज. सोमवारी सकाळी उठून तो करणार काय?"

पोरगं गप्प. मागनं कुणीतरी म्हणालं, "मिसळ खायला जाणार."

त्या पोराला हसण्यात अर्थ नाही. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांना हाच विनाशक भेटतो, नाव तेवढं बदलतं. मलाही भेटला होता, त्याची फजिती पुढं सांगतो. तर नव्यानं लिहायला बसणाऱ्यांसाठी ही रीत, मी ज्या क्रमानं काम करतो त्या क्रमानं.

१. आधी जोड लावा

शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं ते असं, की शेवटच्या पायरीवर बसलेल्यालाही कुस्तीचा हौदा स्वच्छ दिसतो. त्यामुळं तिथं फसवाफसवी चालत नाही. तगड्या पैलवानासमोर किरकोळ पोरगं उभं केलं की दोन मिनिटांत लोक शेंगा फोडायला लागतात. जोड लावताना वस्ताद वजन बघतोच, पण त्याहून जास्त बघतो तो डाव. याचा हुकमी डाव कुठला, आणि त्याची तोड कुणाकडं आहे?

व्हिलन लिहिण्याआधी एका कागदावर हिरोबद्दल दोन ओळी लिहा. हा माणूस मेला तरी काय करणार नाही? आणि त्याला लाज कशाची वाटते? व्हिलन म्हणजे नेमका तिथंच हात घालणारा माणूस.

२००८ च्या 'द डार्क नाइट'मधला जोकर घ्या. नुसत्या ताकदीत तो बॅटमनसमोर टिकायचा नाही. पण बॅटमनची एक शपथ आहे, जीव घ्यायचा नाही. जोकर त्या शपथेच्याच मागं लागतो. बॅटमनला हरवण्यात त्याला रस नाही, त्याला बॅटमनकडून ती शपथ मोडून हवी आहे. दोन बोटींचा प्रसंगही तसाच. एका बोटीत कैदी, दुसरीत साधे नागरिक, आणि प्रत्येकाच्या हातात समोरची बोट उडवायचं बटण. बॅटमनचा या शहरातल्या माणसांवर जो भरवसा आहे, त्यालाच तिथं घिस्सा मारलाय. हीथ लेजरला त्या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं. ते मिळालं अभिनयाला, पण आधी कागदावर जोड बरोबर लागली होती.

आपल्या आवाक्यातलं उदाहरण पाहिजे असेल तर २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा. एका गावात एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक शिंपी आहे, दुसरा चहाच्या टपरीवर काम करणारा, ज्याला गाव वेड्यात काढतं. शक्ती दोघांना सारखीच मिळते. बाहेरून कुणी परग्रहवासी येत नाही, गाव आपल्याच दोन माणसांना दोन दिशांना ढकलतं. कमी पैशात सुपरहिरोपट करायचा असेल तर हा दोनदा बघा, दुसऱ्यांदा वही घेऊन.

आता आपण इथंच एक व्हिलन घडवू. गोष्ट कोल्हापुरातली, पुराची. हिरो आहे पंचगंगेकाठी वाढलेली एकोणीस वर्षांची पोरगी. वाहतं पाणी ती हातानं थोपवू शकते. तिला लाज कशाची? तिच्या वडिलांनी पूररेषेच्या आतली शेतं घेऊन प्लॉट पाडून विकलेत. तिची स्कूटी, तिची कॉलेजची फी, घरावरचा दुसरा मजला, सगळं त्याच पैशातनं आलंय. झालं तर मग. व्हिलन शोधायला लांब जायला नको. ज्याला ते प्लॉट माहीत आहेत, तो.

२. त्याची तक्रार खरी असू द्या

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. सिनेमा बघताना "च्यायला, बोलतोय ते खरंय की" असं प्रेक्षकाच्या मनात एकदा तरी यायला पाहिजे.

'ब्लॅक पँथर' (२०१८) मधला किलमाँगर म्हणतो की वाकांडाकडं, म्हणजे सिनेमातल्या त्या काल्पनिक आफ्रिकी देशाकडं, एवढी ताकद होती, आणि जगभरचे काळे लोक चिरडले जात असताना वाकांडा दार लावून बसला. यात खोटं काय आहे? वर त्याच्या बापाला हिरोच्या बापानं मारलंय आणि पोराला मागं टाकून दिलंय. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) मधला व्हल्चर तर त्याहून जवळचा. लढाईनंतरचा ढिगारा उचलण्याचं कंत्राट त्यानं घेतलेलं असतं, त्यासाठी पैसा घालून बसलेला असतो, आणि वरून सरकारी माणसं येऊन काम काढून घेतात. असा एखादा कंत्राटदार प्रत्येकाच्या नात्यात निघतो.

आपल्या गोष्टीकडं या. आपला माणूस सरकारी खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. आयुष्यभर पाणी मोजलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे त्याला पाढ्यासारखे पाठ. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा इथं बांधकामाला बंदी, निळी ते लाल इथं अटी घालून परवानगी. कागदावर सगळं चोख आहे. पण रात्रीत भराव पडतो. भराव पडला की पाणी जायचं तिथं जात नाही, दुसऱ्याच्या दारात जातं.

म्हणून त्याचं स्वतःचं घर रेषेच्या बाहेर ठेवा. सगळे नियम पाळून, कर्ज काढून बांधलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ते त्याच्या घरात शिरलं. म्हातारी आई खाटेवर होती. बोट वेळेत आली नाही. अर्ज त्यानं आधीही केले होते, नंतरही केले.

आता त्याला नदीला हाक मारण्याची शक्ती द्या. त्याला जगावर राज्य नको आहे. त्याला एका रात्रीत पाणी बरोबर लाल रेषेपर्यंत आणायचं आहे. एक फूट जास्त नाही, एक फूट कमी नाही. आतलं सगळं जाईल आणि नदीला तिची जागा मिळेल. २०१९ आणि २०२१ चा पूर अंगावर घेतलेला कोल्हापूरकर हे ऐकून लगेच नाही म्हणणार नाही. तो क्षणभर थांबेल. तेवढा क्षण मिळाला की तुमचं काम झालं.

३. तक्रार नसलेला व्हिलन

कुणीतरी विचारतंच, "मग मोगॅम्बोचं काय? त्याची कुठली दुःखद कहाणी?"

बरोबर. जोकरचीही नाही. तोंडावरचे व्रण कसे आले हे तो दोन वेळा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळं सांगतो. मग असे व्हिलन चालतात कसे? माझं मत असं की काही व्हिलन आपल्याला समजतात आणि काही आपण ओळखतो. दुसऱ्या जातीच्या व्हिलनला कहाणी लागत नाही, कारण तो प्रेक्षकाच्या रोजच्या आयुष्यात आधीच येऊन बसलेला असतो.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण मराठीतच आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ मध्ये आलं. कीचक महाभारतातला, गोष्ट पोरासोरांना ठाऊक. पण थिएटरात बसलेल्यानं कीचकाकडं बघितलं आणि त्याला लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही दिसला, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच कीचकाला १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त पडद्यावर आणलं, आणि भीमानं त्याला मारण्याचं दृश्य इतकं अंगावर आलं की पुढं ते काढून टाकावं लागलं. कीचकाचं बालपण कसं गेलं हे कुणी विचारलं नाही. मोगॅम्बोचंही तसंच. १९८७ मध्ये 'मिस्टर इंडिया' आला तेव्हा भेसळीचं धान्य आणि उपाशी पोरं म्हणजे काय हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्याला शिकवावं लागत नव्हतं.

तेव्हा तक्रार लिहायची नसेल तर नका लिहू, पण मग तो कुणासारखा दिसतो हे पक्कं ठरवा. दोन्ही नसलं की काय होतं हे बघायला २०१३ चा 'थॉर: द डार्क वर्ल्ड' आहे. त्यातल्या मॅलेकिथला विश्वात अंधार करायचा असतो. का, ते सिनेमा संपल्यावर पार्किंगमध्ये एकमेकांना विचारून बघा.

४. साथ कुठं सुटते ते ठरवा

तक्रार खरी, मग तो व्हिलन कसा? कारण एका ठिकाणी तो अशी गोष्ट करतो की आपण त्याचा हात सोडतो. ती जागा तुम्हाला बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. "हळूहळू तो वाईट होत जातो" हे उत्तर नाही.

आपल्या इंजिनिअरची जागा सुतारवाड्यात आहे. पूर आला की शहरात सगळ्यात आधी जिथल्या लोकांना हलवतात, ती वस्ती. तिथले लोक प्लॉट घेऊन आलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आहेत. त्याला हे ठाऊक आहे. तरी तो म्हणतो, रेघ म्हणजे रेघ. एका घरात तो बघतो, त्याच्या आईच्या वयाची म्हातारी खाटेवर पडलीय, तिला उठवत नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर ठेवा. तो तिच्याकडं बघतो, मग मनगटावरच्या घड्याळाकडं, आणि बाहेर पडतो.

इथं सुटली साथ. संवाद एकही नको.

त्याला किंमतही मोजायला लावा. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मधल्या थॅनोसच्या हिशेबात केवढं मोठं भोक आहे! साधनं पुरत नाहीत म्हणून निम्मे जीव मारायचे. एवढी शक्ती आहे तर साधनं दुप्पट का करत नाही, हे शाळेतलं पोरगंही विचारतं. तरी तो तोलला जातो, कारण त्या विचारापायी तो स्वतः वाढवलेल्या लेकीचा जीव देतो. तुमच्याही व्हिलनच्या विचारात भोक राहणार. किंमत मोठी असेल तर लोक ते घरी गेल्यावर काढतात, थिएटरात नाही.

५. शक्ती, कपडे वगैरे

यावर नवीन पोरं सगळ्यात जास्त वेळ घालवतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. शक्ती त्याच्या धंद्यातनं किंवा जखमेतनं यावी. 'स्पायडर-मॅन २' (२००४) मधल्या डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात त्यानं स्वतःच्या प्रयोगासाठी बनवलेले असतात, आणि अपघातानंतर तेच त्याला चालवायला लागतात. आभाळाला भोक आणि त्यातनं निळा झोत, हे हॉलिवूडनंही वापरून गुळगुळीत केलंय. आपण करायला गेलो की तो लग्नाच्या व्हिडिओतला इफेक्ट दिसतो.

त्यापेक्षा एक वस्तू द्या, फक्त एक. आपल्या माणसाच्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा आणि दोन इंची ब्रश. तो घरोघर जाऊन भिंतीवर आडवी रेघ ओढतो, पाणी इथपर्यंत येणार म्हणून. वस्तीत सकाळी उठून बघावं तर प्रत्येक भिंतीवर एकाच उंचीला रेघ. लोक त्याला नाव ठेवतात, लालरेघ. खर्च, दोन डबे रंग.

आणि हो, कर्र-कर्र वाजणारी कोल्हापुरी चप्पल, पिळदार मिशी आणि पाटलाचा वाडा नको. मराठी सिनेमानं ते एवढं वापरलंय की वाड्याचं दार उघडताच लोकांना पुढचं सगळं कळतं.

६. त्याला कमी बोलू द्या

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळासाठी गणपतीत मी सजीव देखावा लिहिला. सुपरहिरो विरुद्ध प्रदूषणासुर. आवाज आधी रेकॉर्ड केलेले, स्टेजवर पोरं नुसते ओठ हलवणार. प्रदूषणासुराला मी चार मिनिटांचं भाषण दिलं होतं, त्यात त्याची अख्खी योजना, आणि शेवटी गडगडाटी हसणं. पहिल्या रात्री तिसऱ्या शोला मी मुद्दाम गर्दीत जाऊन उभा राहिलो. भाषण सुरू झालं की बाया पोरांना उचलून पुढच्या मंडळाकडं वळत होत्या. मी मोजायचं सोडून दिलं. पाचव्या शोला रेकॉर्डिंग हसण्यावरच अडकलं. हा हा हा, हा हा हा. स्टेजवरचं बिचारं पोरगं जबडा उघडतंय, मिटतंय, थांबायचं कसं ते त्याला कळेना. पुढच्या रांगेतनं एक आजोबा ओरडले, "आरं, पाणी द्या की त्याला कुणीतरी!"

दुसऱ्या दिवशी भाषणाच्या दोन ओळी ठेवल्या, हसणं काढलं. गर्दी थांबली.

सजीव देखाव्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्सनं शिकवलं नसतं, कारण तिथं प्रेक्षकानं तिकीट काढलेलं नसतं. कंटाळा आला की तो चालू लागतो. जमलं तर एकदा लिहून बघा.

बोलण्याचा नमुना म्हणून आपल्या गोष्टीतला हा प्रसंग. सकाळची वेळ, रिमझिम, हिरोच्या घराचं दार. आई उंबऱ्यात उभी, लालरेघ बाहेरच्या भिंतीशी वाकलेला.

"साहेब, ही रेघ कशाची म्हणायची?"

"पाण्याची, वहिनी."

"गेल्या बारीला एवढं आलं नव्हतं की."

"गेल्या वेळी नव्हतं." तो ब्रश डब्याच्या काठावर निपटतो. "मालक आहेत का घरात?"

"प्लॉट दाखवायला गेल्यात. बसा की, च्या टाकते."

"टाका. साखर कमी."

आतल्या खोलीत पोरगी हे सगळं ऐकते आहे. तिला माहीत आहे हा कोण, आणि प्लॉट कुठले. धमकी कुणी दिलेली नाही, आवाज कुणी चढवलेला नाही. आई त्याला चहा देते आणि तो पितो, एवढंच. 'होमकमिंग'मध्ये व्हल्चर हिरोला आणि आपल्या लेकीला गाडीतनं सोडायला निघतो, तो प्रसंग असाच बांधलाय. सिग्नलला गाडी थांबते, हा पोरगाच स्पायडर-मॅन आहे हे त्याच्या ध्यानात येतं, आणि सिग्नलचा हिरवा उजेड त्याच्या तोंडावर पडतो. अख्ख्या सिनेमातल्या हाणामाऱ्या विसरल्या तरी तो उजेड विसरत नाही.

भाषेचं एक सांगतो. घरातली माणसं कोल्हापुरी बोलू देत, लालरेघला प्रमाण मराठी द्या, अहो-जाहो करणारी, फायलीतल्यासारखी. उलटं केलंत, म्हणजे गावरान बोलणारा व्हिलन आणि शुद्ध बोलणारा हिरो, तर आपल्याच लोकांना शिवी दिल्यासारखं होतं. हा दोष आपल्याकडं फार जुना आहे आणि मला त्याचा रागही आहे.

७. शेवटी त्याच्या प्रश्नाचं काय?

व्हिलन दरीत पडला, स्फोट झाला, संपलं? त्याची तक्रार खरी होती ना, मग ती कुठं गेली? 'ब्लॅक पँथर'च्या शेवटी किलमाँगर मरतो, पण हिरो टिचाला वाकांडाचं दार उघडतो आणि किलमाँगर जिथं वाढला त्या ओकलंडमध्ये मदतकेंद्र काढतो. कुस्ती हिरोनं मारली, मुद्दा व्हिलनचा मान्य झाला.

आपल्या गोष्टीत पोरगी पाणी थोपवते, सुतारवाडा वाचतो. पण प्लॉट तिथंच आहेत, भराव तिथंच आहे, पुढच्या जुलैत मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या खुणेला लागलं का, म्हणून लोक पुन्हा पुलावर बघायला जाणारच आहेत. माझ्याकडं दोन शेवट लिहून पडलेत, एकही पक्का नाही. एकात ती वडिलांच्या नावाचे कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढते. दुसऱ्यात ती तो डबा उचलते आणि वडिलांच्या ऑफिसच्या भिंतीवर, अर्धी राहिलेली रेघ पुरी करते. दुसरा दिसायला चांगला आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

८. खर्डा दाखवण्याआधी

व्हिलन हाच हिरो आहे असं धरून एक पान लिहा. त्याची सकाळ, त्याचं घर, डबा कोण भरून देतं, फोन कुणाचे येतात. हे पान सिनेमात जाणार नाही. पण ते लिहिता येत नसेल तर तुमच्याकडं अजून माणूस नाही, नुसता मुखवटा आहे. मग त्याचे सगळे संवाद सलग मोठ्यानं वाचा, शक्यतो सिनेमाशी संबंध नसलेल्या कुणासमोर. मी आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराला वाचून दाखवतो. तो माल मोजता मोजता ऐकतो. त्याचा हात थांबला की तिथं खूण करतो.

उचगावचं पोरगं परवाच्या रविवारी पुन्हा आलं होतं. ते स्वतः गांधीनगरात एका कापडाच्या गोडाऊनमध्ये हिशेब लिहितं, आणि त्याचा विनाशक आता तसल्याच एका गोडाऊनचा मालक झालाय. गावातल्या प्रत्येक घराची उधारी त्याच्या वहीत आहे. सोमवारी सकाळी तो काय करतो यावर पोरानं दीड पान लिहून आणलं होतं: शटर, अगरबत्ती, गल्ल्याला नमस्कार, मग वही उघडून एका नावाखाली बोट. बोटापर्यंतचं ठेव म्हटलं, पुढचं सगळं काप.